साधारण एक पेला

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मी पत्रव्यवहार बघते.
मंडालेच्या दॉ खिन ट्वे बाई माल वेळेवर उचलतात,
पैसे मात्र सावकाश.
शेट म्हणाले, कडक लिहा, त्यांच्याच भाषेत लिहा.

म्हणून गाजुलकाकांकडे गेले.
साखर पेठ, जिन्याखालची खोली.
माग विकून बारा वर्षं झाली
तरी मागावरून बोलल्यासारखे मोठ्यानं बोलतात.
अकराव्या वर्षी रंगूनहून बोटीत बसवलेला मुलगा:
तेलुगू घरची, मराठी गल्लीची, कन्नड शेजारणीची,
आणि बर्मी आता कुणाचीच नाही
म्हणून ट्रंकेत घडी घालून ठेवल्यासारखी.

"'पैसे पाठवा' असं बैलाला म्हणतात," काका म्हणाले.
"आधी क्रियापदामागं 'पे' लाव. पे म्हणजे दे.
पाठवून दे, थांबून दे, ऐकून दे.
म्हणजे, काम माझं आहे, तू ते मला देतोयस.
मग शेवटाला 'बा'."
'बा'चा अर्थ?
त्यांनी चष्मा धोतराला पुसला.
"अर्थ काय नाही. चुंबळ आहे ती.
ओझं डोक्यात रुतू नये म्हणून."

मला हसू आलं. आमच्या चौकात शेवटाला 'बे' लागतो.
देतो का न्हाई बे.
एका मात्रेत चुंबळीचा धोंडा.
"आणि 'की' विसरलीस?" ते म्हणाले.
"बस की. खा की. जरा सरक की.
सोलापूरनं मला पहिल्या दिवशी 'की' दिली.
मी म्हटलं, बरं झालं, इथंही चुंबळ मिळते."

मग पाण्याचं सांगितलं.
एक पेला पाणी मागायचं नाही,
साधारण एक पेला मागायचं.
ये तख्वे लाउ पेबा.
ये म्हणजे पाणी, लाउ म्हणजे साधारण.
देणाऱ्याच्या हाताला थोडी जागा ठेवायची,
पाऊण भरला तरी त्याचा शब्द पुरा.

मागताना आत जे अवघडतं त्याला आनादे म्हणतात,
'आ' म्हणजे बळ, 'ना' म्हणजे दुखणं.
मी म्हटलं, आमची भीड. भिकेची बहीण.
काका गप्प झाले.
"तिकडं तिला असं कुणी बोलत नाही," एवढंच म्हणाले,
आणि चहा आणायला उठले, मी नको म्हणायच्या आत.

आम्ही लिहिलं:
साधारण अर्धी रक्कम, जमेल तेव्हा, पाठवून द्या बा.
मराठी प्रत वाचून शेट माझ्याकडे बघतच राहिले.
"कोळेकरबाई, देणं आपलं आहे का त्यांचं?"
नवव्या दिवशी पैसे आले.
साधारण अर्धे.

मे महिन्यात काका सिव्हिलला.
खिडकीला ओला टॉवेल बांधलेला, आमच्याच कारखान्याचा, दुय्यम प्रतीचा.
सून पदरानं वारा घालत होती.
"सकाळपासनं 'ये, ये' करायलेत.
ह्यांनाच बोलवत असतील. मी सुरतेला फोन केला,
निघालेत ते."

मी वाकले.
ये, म्हणाले काका. मग बराच वेळानं, तख्वे.
मग ओठ हलले, त्यात लाउ असेल.
पेबा निघालं नाही.
मी तांब्यातून ओतलं, काठापर्यंत नाही,
आणि चमच्याचमच्यानं पाजलं.
त्यांनी डोळे मिटले. ये थांबलं.

सुनेनं विचारलं, काय मागत होते?
तेव्हा सुरतेची गाडी कुठं तरी वाटेत असेल,
आणि त्या गाडीत चार वर्षांत घरी न आलेला माणूस.
मी पेला विसळून पालथा घातला.
"ओळखलंस तू बरोबर," म्हटलं.
"फक्त फोन करून सांग त्यांना,
घाईनं दारात लटकू नका म्हणावं.
नीट या की."